वाचकांचे प्रश्न: गेम, सिनेमे आणि परवडणारी हार्ड डिस्क

सातारा-सांगली भागातून आलेल्या पत्रांत या वेळी साठवणुकीचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. मोबाइल भरला, लॅपटॉप भरला, गेमना जागा नाही, आणि दुकानात गेलं की चार जण चार सल्ले देतात. उत्तरं वाचताना स्वतःला एक प्रश्न विचारत राहा: या डिस्कवर एकदा भरून वर्षानुवर्षं नुसतं बघायचं आहे, की रोज पुसून नव्याने लिहायचं आहे? निम्मी निवड तिथेच होते.

प्रश्न: कॉम्प्युटरमध्ये ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) आहे, ती गेमनीच भरली. दुकानदार २ टीबीची हार्ड डिस्क घ्या म्हणतो. हॉस्टेलवरचा मित्र म्हणतो, हार्ड डिस्कचे दिवस गेले. बजेट तुटपुंजं आहे आणि सिनेमेही ठेवायचे आहेत. काय घेऊ?
(अभियांत्रिकीचा विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली)

उत्तर: दोघांचंही अर्धं बरोबर आहे. 'बाल्डर्स गेट ३' १५० जीबी जागा मागतो, 'स्टारफील्ड' १२५ जीबी, आणि दोन्हींच्या किमान गरजांत एसएसडी स्पष्ट लिहिलेली आहे. असे गेम हार्ड डिस्कवर टाकले तर सुरू होतील, पण खेळताना अडखळतील. समोरची भिंत आधी धुरकट दिसेल, मग दोन सेकंदांनी नीट उमटेल. गेम चालू असताना डिस्कच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून हजारो बारीक तुकडे उचलत असतो. हार्ड डिस्कला प्रत्येक तुकड्यासाठी हेड (वाचणारं-लिहिणारं टोक) हलवावं लागतं आणि तो भाग फिरून हेडखाली येईपर्यंत थांबावं लागतं. ७२०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या डिस्कची एक फेरीच ८.३ मिलिसेकंदांची असते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे ही वाट बघणं उरतच नाही.

सिनेमाचं उलट आहे. ती एक सलग फाइल असते. अगदी फोर-के ब्ल्यू-रे घेतली तरी तिचा कमाल वेग सेकंदाला २० मेगाबाइटच्याही आत. साडेतीन इंची साधी हार्ड डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट आरामात देते. सिनेमा बघायला एसएसडी घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

आता भावाचं. एकूण बिलाला टीबीने भागा आणि दर टीबीमागे किती रुपये पडतात ते काढा. एक गोष्ट लगेच लक्षात येईल: ५०० जीबी आणि १ टीबीच्या नव्या हार्ड डिस्क दर टीबीला फार महाग पडतात. डिस्क कितीही लहान असली तरी मोटर, हेड, सर्किट बोर्ड आणि धातूचा सांगाडा यांचा खर्च तेवढाच येतो. म्हणून आमचं मत असं: गरज १ टीबीपर्यंत असेल तर हार्ड डिस्क घेऊच नका, एसएसडी घ्या. २ टीबीला दोन्हींचे भाव काढून तुलना करा. ४ टीबीच्या पुढे हार्ड डिस्कला पर्याय नाही.

तुमच्या बाबतीत, सिनेमे तीन-चारशे जीबीत मावणार असतील तर १ टीबीची दुसरी एसएसडी घ्या आणि विषय संपवा. जेन ३, म्हणजे आधीच्या पिढीची, चालेल. गेम उघडण्याच्या वेळेत जेन ३ आणि जेन ४ यांच्यात जो फरक पडतो, तो तुमच्या बजेटमध्ये पैसे मोजण्याइतका नसतो. सिनेमांचा साठा मोठा असेल तर साडेतीन इंची हार्ड डिस्क घ्या आणि गेम दोन ठिकाणी वाटा. सध्या खेळता ते दोन-तीन एसएसडीवर, बाकीचे रांगेत हार्ड डिस्कवर. स्टीम (गेम विकत घेऊन चालवायचं ॲप) वापरत असाल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' उघडून नवी डिस्क जोडा, मग गेमच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'इन्स्टॉल्ड फाइल्स' खाली 'मूव्ह इन्स्टॉल फोल्डर' वापरा. १०० जीबीचा गेम हार्ड डिस्कवरून एसएसडीवर यायला ११-१२ मिनिटं लागतात. तोच ५० एमबीपीएसच्या नेटवरून पुन्हा उतरवायला साडेचार तास. जीटीए ५ च्या जुन्या आवृत्तीसारखे गेम थेट हार्ड डिस्कवरूनही खेळता येतात, फक्त सुरू व्हायला वेळ घेतात.

घेण्याआधी मदरबोर्डचं मॅन्युअल बघा. अनेक बोर्डांवर दुसऱ्या एम.२ खाचेत (पट्टीसारखी एसएसडी बसते ती खाच) एसएसडी बसवली की एक-दोन साटा पोर्ट (हार्ड डिस्कची केबल लागते ते) आपोआप बंद होतात. मग आधीची हार्ड डिस्क दिसेनाशी होते आणि माणूस तिलाच मेलेली समजतो. केबल शेजारच्या पोर्टात लावली की ती परत दिसते. आणखी एक: हार्ड डिस्क बाहेरच्या कडेला वेगवान आणि आतल्या बाजूला जवळजवळ निम्म्या वेगाची असते. विंडोज पहिलं पार्टिशन बाहेरच्या कडेला करतं, म्हणून पार्टिशन पाडायची असतील तर पहिलं गेमना द्या, शेवटचं सिनेमांना.

प्रश्न: २ टीबीची नवी डिस्क घेतली. कॉपी करताना सुरुवातीला १८० एमबीचा वेग दिसतो, थोड्या वेळाने २०-३० वर येतो, मध्येच शून्यही होतो. गेमचा छोटासा अपडेट तासभर 'डिस्कवर लिहीत आहे' असं दाखवतो. दुकानदार म्हणतो असंच असतं. डिस्क खराब आहे का?
(वाचक, कराड)

उत्तर: खराब नसावी. ती एसएमआर प्रकारची असावी. नेहमीच्या, म्हणजे सीएमआर डिस्कवर माहितीच्या रेघा शेजारी शेजारी, सुट्या आखलेल्या असतात. एसएमआरमध्ये त्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. तेवढ्याच ताटलीवर जास्त माहिती मावते आणि डिस्क स्वस्त पडते. पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची सगळी उचलून पुन्हा बसवावी लागतात. जागच्या जागी एक रेघ बदलता येत नाही, अख्खा पट्टा वाचून पुन्हा लिहावा लागतो.

हे लपावं म्हणून डिस्कवर एक राखीव पट्टा असतो. नवीन माहिती आधी तिथे पटापट उतरते, तेव्हा तुम्हाला १८० दिसतात. तो भरला की डिस्कला आतली आवराआवर आणि नवीन लिखाण एकदम करावं लागतं, आणि वेग कोसळतो. कॉपी थांबवून अर्धा तास डिस्क नुसती चालू ठेवलीत तर आवराआवर उरकते आणि वेग परत येतो. तो परत आला तर डिस्क ठणठणीत आहे असं समजा. परत आला नाही तर पुढे विट्याच्या प्रश्नात दिलेली तपासणी करा.

गेमचे अपडेट इथे का रखडतात तेही कळून घ्या. कित्येक गेमचा डेटा ३०-४० जीबीच्या दोन-चार अगडबंब फाइलींत असतो. अपडेट ५०० एमबीचा असला तरी त्यातली अख्खी फाइल नव्याने बांधून लिहावी लागते. एसएमआर डिस्कला नेमकं हेच जड जातं. म्हणून ही डिस्क सिनेमे, गाणी, फोटो यांना द्या. एकदा भरलं की नुसतं वाचायचं असेल तर ती सीएमआरइतकीच चांगली चालते, आणि स्वस्त मिळाली असेल तर सौदा वाईट नाही. अपडेट येणारे गेम तिच्यावर नकोत. विंडोज तर नकोच.

खोक्यावर हा प्रकार ठळक लिहिलेला नसतो. २०२० च्या एप्रिलमध्ये या विषयावर बराच गदारोळ झाल्यावर वेस्टर्न डिजिटल, सीगेट आणि तोशिबा या तिन्ही कंपन्यांनी कुठली मॉडेलं एसएमआर आहेत ते जाहीर केलं. दुकानात पूर्ण मॉडेल क्रमांक विचारा आणि कंपनीच्या माहितीपत्रकात 'रेकॉर्डिंग टेक्नॉलॉजी'ची ओळ बघा. ढोबळ मानाने, सीगेट बाराकुडा आणि डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) ब्लूच्या साडेतीन इंची १ टीबी डिस्क बऱ्याचदा सीएमआर असतात, २ टीबीपासून पुढच्या बऱ्याचशा एसएमआर. सीगेट आयर्नवुल्फ आणि डब्ल्यूडी रेड प्लस सीएमआर. नुसत्या 'रेड' नावावर जाऊ नका. क्रमांकाच्या शेवटी ईएफएएक्स असलेल्या २ ते ६ टीबीच्या रेड एसएमआर आहेत. खिशात मावणाऱ्या अडीच इंची पोर्टेबल डिस्क १ टीबीपासून पुढे जवळजवळ सगळ्या एसएमआरच धरा. जास्त कॅश (डिस्कमधली तात्पुरती स्मृती) म्हणजे चांगली डिस्क, हा समजही सोडा. २ टीबीच्या स्वस्त डिस्कवर २५६ एमबी कॅश दिसली तर बहुतेकदा ती एसएमआरची उणीव झाकायलाच दिलेली असते.

प्रश्न: मिरजेत सीसीटीव्हीवाल्याकडे ४ टीबीची 'पर्पल' किंवा 'स्कायहॉक' डिस्क लगेच मिळते. ती कॉम्प्युटरला चालेल का? चूक झाली तरी ती तशीच पुढे जाते आणि डेटा बिघडतो असं ऐकलं.
(वाचक, मिरज)

उत्तर: चालेल. जोडणी तीच, साटाची. 'चूक सोडून पुढे जाते' हे फक्त डीव्हीआरने (सीसीटीव्हीचं चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राने) खास स्ट्रीमिंगचे आदेश दिले तरच घडतं, कारण तिथे चित्राची एक चौकट (फ्रेम) गाळली तरी चालते, चित्रीकरण थांबून चालत नाही. विंडोज किंवा लिनक्स ते आदेश देत नाही, त्यामुळे तुमच्या फाइलींबाबत ती इतर कुठल्याही डिस्कसारखीच वागते. उलट फायदाच आहे: या बहुतेक सीएमआर असतात, चोवीस तास चालण्यासाठी बनवलेल्या असतात आणि वॉरंटी साध्या डिस्कच्या दोन वर्षांऐवजी तीन वर्षांची असते. सिनेमे, मालिका, घरचे व्हिडिओ यांच्यासाठी आम्ही ती आनंदाने सुचवू. गेमसाठी तेवढी नाही, कारण ४ टीबीच्या या डिस्क कमी आरपीएमच्या असतात. एकच काळजी घ्या. सीसीटीव्हीच्या धंद्यात जुन्या डीव्हीआरमधून काढलेल्या डिस्कही फिरत असतात. सीलबंद पाकीट डोळ्यांदेखत फोडून घ्या आणि बिलावर सिरियल नंबर लिहून मागा.

प्रश्न: मुलाच्या पीएस ५ या गेम कन्सोलची जागा संपली. बाहेरून लावायची स्वस्त हार्ड डिस्क घेतली तर गेम चालतील का?
(एक पालक, सदर बझार, सातारा)

उत्तर: पीएस ४ चे गेम यूएसबीच्या डिस्कवरून चालतील. पीएस ५ चे गेम तिथे नुसते ठेवता येतील, खेळायला पुन्हा आत आणावे लागतील. तरीही याचा उपयोग आहे. १०० जीबीचा गेम पोर्टेबल डिस्कवरून आत यायला वीसेक मिनिटं लागतात, नेटवरून कित्येक तास. डिस्क २५० जीबी ते ८ टीबी यांच्यामधली आणि यूएसबी ३ ची हवी, आणि ती हबमधून न लावता थेट पोर्टात लावायची. कन्सोल तिला स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करतो, म्हणजे तिच्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. घरचे फोटो असलेली डिस्क चुकूनही लावू नका.

पीएस ५ चे गेम थेट खेळायचे तर आतल्या खाचेत एम.२ एसएसडी बसवावी लागते: जेन ४, सोनीच्या शिफारशीप्रमाणे वाचनाचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त, आणि हीटसिंकसह (उष्णता काढून टाकणाऱ्या धातूच्या पट्टीसह) एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत. कॉम्प्युटरसाठीचे उंच हीटसिंक इथे बसत नाहीत, झाकण लागत नाही. एक्सबॉक्स सीरिजचंही साधारण असंच आहे. जुन्या पिढीचे गेम यूएसबीवरून चालतात, नव्या पिढीसाठी बनवलेले आतून किंवा कंपनीच्या कार्डावरूनच.

पोर्टेबल घेताना केबलकडे लक्ष द्या. डिस्कवरची रुंद, दोन भागांची खाच यूएसबी ३ ची असते. तिच्या मोठ्या भागात मोबाइलची जुनी बारीक मायक्रो केबलही बसते, डिस्क चालतेही, पण यूएसबी २ च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ३५-४० एमबी. 'डिस्क स्लो आहे' ही तक्रार करण्याआधी केबल बघा.

प्रश्न: कंपनीतून काढलेल्या ४ टीबीच्या डिस्क निम्म्या भावात मिळत आहेत. विकणारा 'हेल्थ १०० टक्के' म्हणतो. घ्यावी का?
(वाचक, विटा)

उत्तर: पुन्हा उतरवता येणारे गेम आणि सिनेमे ठेवायचे असतील तर घ्यायला हरकत नाही, पण तपासून. लग्नाचे, मुलांचे फोटो तिच्यावर एकट्याने ठेवू नका.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यातले आकडे सुरुवातीला हेक्समध्ये असतात, म्हणजे आकड्यांत अक्षरं मिसळलेली. ते वाचून भलतेच गोंधळ होतात. 'फंक्शन' मेन्यूत 'ॲडव्हान्स्ड फीचर', त्यात 'रॉ व्हॅल्यूज', आणि तिथे '१० डीईसी' निवडा. आता नेहमीच्या अंकांत दिसेल. वरचं निळं 'गुड' बघून थांबू नका, खालच्या ओळी वाचा. ०५ ही ओळ म्हणजे खराब निघून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे लहान कप्पे). सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट बघणारे सेक्टर. सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. या तिन्हींच्या रॉ रकान्यात शून्य हवं. सी५ मध्ये ८ जरी दिसले तरी डिस्क परत द्या. सी७ वाढलेलं असेल तर दोष बहुधा केबलचा असतो. केबल बदला आणि आकडा तिथेच थांबतो का बघा, तो मागे जात नाही. सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ या ओळींत प्रचंड मोठे आकडे दिसतात, ते बघून घाबरू नका. त्या कंपनीची मोजण्याची पद्धतच तशी आहे.

०९ म्हणजे चालू राहिलेले तास. एका वर्षाचे ८,७६० तास होतात. ४०,००० तास म्हणजे साडेचार वर्षं अखंड चाललेली डिस्क, ती आम्ही घेणार नाही. १५,००० च्या आतली, चांगल्या थंड सर्व्हर खोलीत राहिलेली डिस्क पुष्कळ वर्षं काढू शकते. पण हे आकडे पुसताही येतात. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या वापरलेल्या सर्व्हर डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं, त्यांचे तास शून्य करून ठेवले होते. विक्रेत्यांच्या साखळीत कुठेतरी ही लबाडी झाली होती, आणि पकडली गेली ती सीगेट डिस्कमधल्या 'फार्म' नावाच्या वेगळ्या नोंदवहीमुळे. स्मार्टमनटूल्स या सॉफ्टवेअरच्या ७.४ किंवा पुढच्या आवृत्तीत ती नोंद वाचता येते. दोन्हीकडचे तास जुळले नाहीत तर व्यवहार मोडा.

यानंतरची कसोटी वेळखाऊ आहे, पण टाळू नका. 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. त्यात प्रत्येक सेक्टरवर लिहिलं जातं. ४ टीबीला सात-आठ तास जातात, म्हणून रात्री लावा. सकाळी ०५, सी५, सी६ पुन्हा बघा. आदल्या दिवशीचे शून्य सकाळी शून्यच राहिले तर डिस्क ठेवा. परत करायची मुदत किमान आठवड्याची ठरवून मगच पैसे द्या.

सर्व्हरची डिस्क घरच्या कॉम्प्युटरला लावल्यावर फिरतच नाही, असंही होतं. काही मॉडेलांत वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहायची सोय असते आणि जुने पॉवर सप्लाय नेमके तिथेच ३.३ व्होल्ट देतात. चार पिनांच्या जुन्या मोलेक्सवरून साटा करणारा जोड वापरला की ती पिन रिकामी राहते आणि डिस्क फिरते. हा जोड वायरी एकेक करून दाबून बसवलेला घ्या. एकसंध प्लॅस्टिकमध्ये ओतलेले स्वस्त जोड आतून शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणं आहेत.

प्रश्न: २ टीबीची डिस्क १.८१ टीबी दाखवते, आणि भावाची ४ टीबीची डिस्क २ टीबीच वापरता येते. फसवणूक झाली का?
(वाचक, कोरेगाव)

उत्तर: पहिलीत नाही. कंपनी १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. त्यामुळे २ चे १.८१ आणि ४ चे ३.६३ दिसणारच. भावाच्या डिस्कला 'एमबीआर' पद्धतीची पार्टिशन पडली आहेत, तिची मर्यादाच २ टीबी आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये २,०४८ जीबीच्या पुढे साधारण १,६७८ जीबी काळ्या पट्टीत 'अनअलोकेटेड' दिसत असेल. डेटा दुसरीकडे हलवा, पार्टिशन काढा, डिस्क 'जीपीटी' या नव्या पद्धतीची करा आणि पुन्हा फॉरमॅट करा. ४ टीबीची डिस्क नुसती १.६३ टीबी दिसत असेल तर दोष जुन्या यूएसबी केसचा आहे, ती केस बदला. खरी फसवणूक असते ती अगदी किरकोळ भावात '१६ टीबी' लिहून विकल्या जाणाऱ्या पोर्टेबल एसएसडीत. एचटूटेस्टडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर पूर्ण जागा भरून वाचून बघतं आणि खरी जागा किती ते सांगतं.

प्रश्न: पोर्टेबल डिस्क टीव्हीला लावली की टकटक आवाज येतो आणि काही दिसत नाही. लॅपटॉपला नीट चालते.
(वाचक, फलटण)

उत्तर: वीज पुरत नाही. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिॲम्पिअर देतो, अडीच इंची डिस्कला फिरायला सुरुवात करताना जवळजवळ १ ॲम्पिअर लागतो. हेड निघतं, वेग येत नाही, पुन्हा जागेवर जातं, तोच तो आवाज. असं फार वेळ चालू देऊ नका. टीव्हीच्या एखाद्या पोर्टाजवळ 'एचडीडी' किंवा '१ए' असं लिहिलेलं असतं, आधी तिथे लावून बघा. नाही तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या.

आवाज थांबला तरी फाइली दिसल्या नाहीत तर फॉरमॅटचा प्रश्न असतो. फॅट ३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि बरेच टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. एनटीएफएस करून बघा. चित्र आहे पण आवाज नाही, असं झालं तर फाइलीत डीटीएस नावाच्या पद्धतीचा आवाज असेल. काही मोठ्या कंपन्यांच्या अलीकडच्या टीव्हींमध्ये डीटीएस नाही. टीव्हीने 'रेकॉर्डिंगसाठी डिस्क तयार करू का?' असं विचारलं तर नाही म्हणा, तो सगळं पुसेल.

प्रश्न: वीज सारखी जाते. त्याने हार्ड डिस्क खराब होते का?
(वाचक, जत)

उत्तर: वीज गेली की हेड फिरत्या ताटलीच्या उरलेल्या जोरावर स्वतःच जागेवर जातं, त्यामुळे एखाद्या वेळच्या खंडाने ओरखडा पडत नाही. नुकसान होतं ते अर्धवट लिहिलेल्या फाइलीचं आणि कधी कधी फाइलींच्या सूचीचं, मग अख्खं फोल्डर दिसत नाही. एका मिनिटात तीनदा येणारी-जाणारी वीज जास्त वाईट. ६०० व्हीएचा साधा यूपीएस लावा. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर मागचं बटण 'यूपीएस' मोडवर ठेवा, म्हणजे तो लवकर पलटतो. पोर्टेबल डिस्क 'सेफली रिमूव्ह' करूनच काढा, आणि चालू असताना उचलून इकडून तिकडे नेऊ नका. पोर्टेबल डिस्क मरतात त्या मुख्यतः चालू असताना पडून.

प्रश्न: आमच्या हौशी नाट्यमंडळाकडे जुन्या प्रयोगांच्या १२० मिनी डीव्ही टेप आहेत, प्रत्येकी तासाभराच्या. त्या कॉम्प्युटरवर घेऊन जपायच्या आहेत. एकच ४ टीबीची डिस्क पुरेल का? आमची खोली तळमजल्यावर, नदीपासून जवळ आहे.
(वाचक, गावभाग, सांगली)

उत्तर: हे काम लवकर हातात घ्या. टेप आणि त्या वाजवणारे कॅमेरे, दोन्ही दिवसेंदिवस निकामी होत आहेत. नाट्यपंढरीतल्या प्रयोगांचं असं चित्रीकरण एकदा गेलं की दुसरीकडे कुठे मिळत नाही.

फायरवायरने (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायच्या जुन्या केबलने) जशीच्या तशी उतरवलेली डीव्ही टेप तासाला १३ जीबी घेते. १२० टेपांचे १,५६० जीबी झाले, ते २ टीबीच्या एका डिस्कवर मावतात. म्हणून ४ टीबीची एक घेऊ नका. २ टीबीच्या दोन घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, आणि दोन्हींवर सगळं सारखं ठेवा. एकदा लिहून जपायचंच काम असल्याने स्वस्त एसएमआर डिस्क इथे पुरेशी आहे, फक्त भरताना रोज थोडं थोडं भरा. एसएसडी नको. वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवण्यासाठी ती बनवलेली नाही. कॉपी करताना टेराकॉपीसारखं सॉफ्टवेअर वापरून 'व्हेरिफाय' लावा, म्हणजे उतरलेली फाइल मूळ फाइलीशी ताडून बघितली जाते. बघण्यासाठी आणि वाटण्यासाठी वेगळी, एमपी४ केलेली प्रत ठेवा, मूळ डीव्ही फाइली पुसू नका.

दोनपैकी एक डिस्क मंडळाच्या खोलीत अजिबात नको. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै सांगलीने पाहिला आहे. ती मिरजेला, तासगावला, कुठल्याही सदस्याच्या घरी वरच्या मजल्यावर असू द्या. हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि दर सहा महिन्यांनी काढून एक-दोन तास चालवा, दोन-चार फाइली शेवटपर्यंत उघडून बघा.

तरीही एखादी डिस्क पुराच्या पाण्यात गेलीच तर तिला वीज लावून 'चालते का' बघू नका. साध्या डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं. त्यातून गाळाचं पाणी आत गेलेलं असेल तर एकदा फिरवल्यानेच ताटल्या खरवडून निघतील. उन्हात वाळवणं, हेअर ड्रायर, तांदळात पुरणं, यातलं काहीही नको, कारण गाळ वाळला की ताटलीला चिकटून बसतो. वरची घाण हलक्या हाताने टिपा, ओली असतानाच हवाबंद पिशवीत घालून डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवा, आणि पिशवीवर लिहा: पुरात भिजली आहे, त्यानंतर वीज दिलेली नाही.